‘अस्पष्ट’ असं लिहिलेली ओळ

मांडवी, रत्नागिरी
१२ जून २०२४

वन्सं,

तुमचा फोन लागत नाही. माझा नंबर तुम्ही ब्लॉक करून ठेवलाय हे कळतं मला. हा लातूरच्या शाळेचा पत्ता तुमच्या क्लासच्या विनीत सरांनी दिला. आधी तेही देत नव्हते.

ख्यालीखुशाली विचारायला लिहीत नाही. ओमकारच्या बाराव्याला सगळ्यांदेखत मी तुम्हाला जे बोलले ते मागे घ्यायलाही नाही. ‘तुमच्या ट्रिकांनी मारलं माझ्या नवऱ्याला’, हेच म्हणाले होते. कंपनीच्या कागदात वेगळं काय होतं? बोटीच्या चीफ ऑफिसरने वॉकीटॉकीवर स्पष्ट सांगितलं की टाकीत उतरू नकोस, मयत खलाशी ‘येस सर’ म्हणाला आणि उतरला, कारण त्याला इंग्रजी सूचना समजली नाही. आणि ‘समोरचा काय बोलला ते कळो न कळो, मान वर करून येस सर म्हणायचं’, हे त्याला स्वयंपाकघरात बसून कोणी शिकवलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. चहा मीच करून देत होते तुम्हा दोघांना.

काम आहे म्हणून लिहितेय. आमच्या वकिलांनी, सुहास जाधवांनी, कंपनीकडून त्या दिवशीचं रेकॉर्डिंग मिळवलंय. डेकवर वॉकीटॉकीत जे बोलतात ते ब्रिजवरच्या, म्हणजे बोट चालवतात तिथल्या, यंत्रात साठतं म्हणे. सोबत त्याची टाइप केलेली प्रत आहे. कोण काय बोललं ते सगळं ओळीने दिलंय. ओमकारच्या ‘येस सर’नंतर एक ओळ आहे, तिच्यासमोर इंग्रजीत ‘अस्पष्ट’ एवढंच लिहिलंय. त्यानंतर त्याचं नाव पुन्हा कुठे नाही.

वकील म्हणाले, इंग्रजीचा कान असलेल्या माणसाला ऐकवा. विनीत सरांना ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, वारा आहे, पंख्याचा आवाज आहे, एकही शब्द धड लागत नाही. मग म्हणाले, ‘मॅडमना विचारा. रत्नागिरीत त्यांच्यासारखा कान कोणाचाच नव्हता.’

ते रेकॉर्डिंग पाठवू का? हो की नाही एवढं कळवा.

सानिका


मांडवी
९ जुलै २०२४

वन्सं,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मी तुमच्या इंग्रजीच्या क्लासला जायला लागलेय. म्हणजे आता विनीत सरांचा. मारुती मंदिराकडच्या त्याच दोन खोल्या. मेडिकलमधून चारला सुटते आणि तशीच तिकडे जाते. सासूबाईंना सांगितलंय की दुकानात जादा काम असतं. औषधांची नावं मला इंग्रजीत वाचता येतात, पण कोणी बोललं की सगळा रस्सा होतो, कुठला शब्द कुठे संपला कळत नाही. वकिलाला कळत नाही, सरांना कळत नाही, तुम्ही बोलत नाही. मग कोणी ऐकायचं? मीच ऐकेन म्हटलं.

शेवटच्या बाकावर बसते. परदेशी जायला निघालेल्या चार नर्स आहेत, बाकी सगळी बोटीवर जाणारी पोरं. नाटे गावचे दोघे तर ओळखीचेच. मी आत आले की ते बोलायचे थांबतात.

शिकवणं तुमचंच आहे, शब्दसुद्धा तुमचे. आवाज सुरू व्हायच्या आधी पर्याय वाचून घ्या. चारही पर्यायांत वेगळं काय आहे तेवढंच बघा, बाकी सोडा. बोलणारा आधी एक सांगतो, मग ‘बट’ म्हणतो नाहीतर ‘सॉरी’ म्हणतो, उत्तर त्याच्यानंतर असतं. पर्यायातला शब्द जसाच्या तसा कानावर आला तर सावध राहा, तो बहुतेक गळ असतो. एक प्रश्न सुटला तर सुटू द्या, त्याच्यामागे धावलात तर पुढचे तीन जातील. रिकामं काही ठेवू नका.

काल एका पोराने विचारलं, ‘सर, पूर्ण समजलं नाय तरी पास होता येतं ना?’

सगळे कुठेतरी दुसरीकडे बघायला लागले. मी वहीत डोकं घातलं. मग सर म्हणाले, ‘पास होता येतं.’ आणि पुढचं रेकॉर्डिंग लावलं.

बोटीवर जायच्या इंग्रजी परीक्षेत ओमकार दोनदा नापास झाला होता, आठवतं ना? तुम्हाला म्हणायचा, ‘ताय, बाई बोलली की समजतं, बाप्या बोलला की नुसती गिचमीड.’ तुम्ही म्हणालात, ‘मग समजून नको घेऊस. पकड. मासा पकडताना त्याचं नाव विचारतोस का?’ तो किती हसला होता. तिसऱ्यांदा पास झाला, तेव्हा तुम्हाला उचलून अंगणात गोल फिरवलंन. सासूबाई ओरडल्या, ‘मेल्या, पाडशील तिला.’

मला हे आठवत बसायचं नाहीये. पण क्लासला गेलं की आठवतं.

सानिका


मांडवी
२१ ऑगस्ट २०२४

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. वहीच्या अर्ध्या पानावर लिहिलंत. मेडिकलच्या काउंटरवर उभ्यानेच वाचलं, मग गिऱ्हाईक आलं म्हणून खिशात ठेवलं.

तुम्ही लिहिलंय, ‘मी ते ऐकू शकणार नाही. त्याचं येस सर मी रोज ऐकते, रेकॉर्डिंग लागत नाही त्याला. तू ऐकणारच असशील तर परीक्षेसारखं ऐकू नकोस. परीक्षेत एकदाच ऐकवतात म्हणून मी त्या युक्त्या शिकवायचे. तुला हवं तितक्यांदा ऐकता येईल. आधी अर्थ शोधूच नकोस. कोण बोलतंय, आवाज चढतोय की उतरतोय, श्वास कुठे घेतलाय, तेवढंच बघ. कागद समोर ठेवू नकोस. कागद समोर असला की कान कागदावरचंच ऐकतो.’

तुम्ही तिकडे हिंदी शिकवता, हे शेवटी एका ओळीत लिहिलंत. इंग्रजी सोडलंत? मला माहीत नव्हतं.

मी ऐकलं. रविवारी दुपारी, सासूबाई सुकट घेऊन बाजारात गेल्या होत्या तेव्हा. आधी नुसती खरखर. मग एक माणूस बोलतो, तो चीफ ऑफिसर, कुठल्या देशाचा ते कळलं नाही, पण शब्द दगडासारखे सुटे टाकतो. तो म्हणतो, ‘ओमकार, डू नॉट एंटर. वेट देअर. वेट फॉर द सेट.’ सेट म्हणजे श्वासाची नळी आणि टाकी, ते पाठीवर बांधून उतरायचं असतं. टाकीत हवा नव्हती ना. आत तो फिलिपिनो पोरगा, जोएल, आधीच पडला होता.

वन्सं, मला ते कळलं. पहिल्याच खेपेला. क्लासला जेमतेम दीड महिना गेलेल्या बाईला कळलं. आनंद व्हावा की काय व्हावं ते कळेना. मग वाटलं, दीड वर्ष बोटीवर काढलेल्या माणसाला हे कळलं नसेल? ‘वेट’सुद्धा?

मग त्याचा आवाज येतो. ‘येस सर.’ घाईचा नाही. नीट म्हणतो.

त्याच्यापुढचं मला लागलं नाही. घूं घूं आणि मध्ये काहीतरी. पुन्हा पुन्हा लावलं. एकदा ‘टँक’ वाटलं, एकदा ‘हॅव’ वाटलं. कान तापून गेला. सासूबाई आल्या तेव्हा मी इअरफोन उशीखाली सारला. ‘काय ऐकतस?’ म्हणाल्या. मी म्हटलं, गाणी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की नवरा जाऊन वर्षसुद्धा झालं नाही आणि ही गाणी ऐकते. मी तसंच राहू दिलं.

सानिका


मांडवी
६ ऑक्टोबर २०२४

वन्सं,

आधी महत्त्वाचं लिहिते. बाराव्याचे माझे शब्द मी परत घेते. ते खोटे होते. मला माहीत नव्हतं, पण खोटे होते.

त्याला समजलं होतं.

ती अस्पष्ट ओळ इंग्रजी नाहीच. आम्ही सगळे तिच्यात इंग्रजी शोधत होतो. ज्याने टाइप केलं त्याने, सरांनी, वकिलांनी, मीही. तुम्ही सांगितलं होतंत तसं मी एक दिवस अर्थ सोडला आणि नुसता आवाज ऐकला. तर तो चढत होता, आणि शेवटी थोडा ओढलेला होता. तसं तो घरी बोलायचा. त्याला मासे आणायला पाठवला आणि मागून हाक मारून आणखी काही सांगितलं की वैतागून ज्या सुरात बोलायचा, तो सूर. मी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि पुन्हा लावलं. मग सगळे शब्द एकदम समोर आले. आता ते न ऐकू येणं मला जमतच नाही.

तो म्हणतो, ‘थांबू कसा? हात हलवतोय तो.’

साहेब म्हणाला ‘वेट’, आणि हा म्हणतो ‘थांबू कसा’. समजल्याशिवाय कोणी असं म्हणेल का? एंटर समजलं, वेट समजलं, सेट समजला. सगळी परीक्षा समजली होती त्याला. समजून उतरला. बटण दाबलेलंच राहिलं असेल म्हणून ते यंत्रात आलं, नाहीतर ते तो स्वतःशीच बोलला होता.

सरांना नेऊन ऐकवलं. मी काही न सांगता ऐकवलं, तर त्यांना पुन्हा लागेना. मग मी वाक्य सांगितलं आणि पुन्हा लावलं. त्यांनी इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

तुम्ही सुटलात, वन्सं. हे मी चिडून लिहीत नाही. चिडलेय, पण तुमच्यावर नाही. इतके महिने मी त्याच्या वतीने तुमच्यावर, कंपनीवर, त्या साहेबावर चिडत होते. बिचाऱ्याला कळलं नाही, बिचाऱ्याला फसवलं. आता काय करू? त्याला कळलं होतं. घरी मी आहे, चार वर्षांची ज्ञानेश्वरी आहे, आई आहे, हे सगळं माहीत होतं आणि उतरला. जोएलचं आडनावसुद्धा मला माहीत नाही.

जाधव वकिलांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ‘ताई, हे तुम्ही मला सांगितलं नाही असं समजूया.’

‘का?’

‘आपली केस कशावर उभी आहे? ज्याला भाषा येत नाही त्याला कंपनीने धोक्याच्या जागी उभं केलं, यावर. त्याला समजलं होतं म्हणालात तर ते म्हणतील, मग जाणूनबुजून हुकूम मोडला. भरपाई जाईल. लिहिलंय अस्पष्ट, तर राहू दे अस्पष्ट.’

‘पण ते खरं नाही.’

‘खोटं तरी कुठे आहे? ऐकू येत नाही एवढंच म्हणायचंय.’

ते वाईट माणूस नाहीत. फीसुद्धा अर्धीच घेतायत. मी हो म्हटलं. ज्ञानूची शाळा आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि त्या या वयात मासळीची पाटी घेऊन बाजारात बसतात. मी गप्प बसणार आहे. तुम्हीही कोणाला सांगू नका. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

सानिका


मांडवी
११ डिसेंबर २०२४

वन्सं,

गप्प बसले नाही.

चौकशी मुंबईला होती, पण आम्हाला वकिलांच्या ऑफिसातून व्हिडिओवर घेतलं. सासूबाई हट्टाने आल्या. चांगली नऊवारी नेसून, चप्पल बाहेर काढून, खुर्चीच्या टोकाशी बसल्या. पडद्यावर चौकशी अधिकारी आणि कंपनीचा वकील.

सगळं इंग्रजीत. जाधव वकील मधून मधून मला मराठीत सांगत होते. कंपनीचा वकील म्हणाला की या भागातल्या मुलांना परीक्षेच्या क्लिप पाठ करून घेतात, प्रत्यक्षात यांना साधी वाक्यं कळत नाहीत. हे जाधवांनी मला सांगितलं नाही. मला कळलं. आणि आपले वकील त्यावर मान हलवत होते, कारण आपल्यालाही तेच म्हणायचं होतं. दोन्ही बाजूंचं त्या एका गोष्टीवर एकमत होतं की ओमकार ढ होता.

सासूबाई मला हळूच म्हणाल्या, ‘काय म्हणतायत गो?’

मी म्हटलं, ‘काही नाही.’

मग अधिकाऱ्यांनी ती जागा लावली. घूं घूं. ते म्हणाले, ‘डझ द विडो नो एनीथिंग अबाउट धिस पोर्शन?’

जाधव म्हणाले, ‘नो सर.’ माझ्याकडे न बघता. विचारलंही नाही मला.

मी म्हणाले, ‘येस सर.’

जाधवांनी माझ्या हातावर हात ठेवला. अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला आणि मराठीत म्हणाले, ‘बोला बाई.’ मराठीच होते ते. इतका वेळ मला माहीत नव्हतं.

मी सांगितलं. थांबू कसा, हात हलवतोय तो. त्यांनी ती जागा पुन्हा लावली आणि मान खाली घालून ऐकली. मग आणखी एकदा लावली. कंपनीच्या वकिलाला इंग्रजीत सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि ‘थँक यू’ म्हणाला. मला म्हणाला, हसून. तेव्हाच कळलं की काय झालंय.

खरं बोलावं म्हणून बोलले असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. त्याचं वाक्य चालू होतं आणि तीन माणसं त्याच्यावरून बोलत होती, तो काही बोललाच नाही अशी. ते मला बघवलं नाही, बस.

घरी येताना रिक्षात मला वाटलं, सासूबाईंना बरं वाटलं असेल. मासळी बाजारातल्या बायका त्यांना वर्षभर ऐकवतायत, इंग्रजी येत नव्हतं तर धाडलास कशाला पोराला. घरी आल्यावर ओट्याला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, ‘समजलं होतं त्याला?’

‘हो.’

‘मग उतरला कशाला गो?’

त्या पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिल्या. तुम्हाला दोष देता येत होता तोवर त्यांना रडता तरी येत होतं. आता रडतही नाहीत. भिंतीकडे बघून विचारतात.

सानिका


मांडवी
२३ फेब्रुवारी २०२५

वन्सं,

निकाल आला. आदेश समजूनही जाणूनबुजून मोडला, म्हणून भरपाई नाही. राहिलेला पगार आणि त्याला घरी आणायचा खर्च तेवढा कंपनीने दिला असं धरलंय. जाधव म्हणाले वर जाता येईल, पण स्वतःच फार मनावर घेतल्यासारखं दिसलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

सोबत डॉक्टरी अहवालाची प्रत होती. ती मी आता सरांच्या मदतीशिवाय वाचली. जोएल आधीच गेलेला होता. ओमकार टाकीच्या तोंडाशी आला त्याच्या बऱ्याच आधी. हात तो हलवत नव्हता. टाकीच्या तळाला थोडं पाणी होतं आणि बोट डुलत होती. बॅटरीच्या उजेडात तसं दिसलं असणार. त्याने ऐकलं बरोबर, बघितलं चूक.

हे सासूबाईंना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

त्यांनी बाजार बंद केलाय. मेडिकलवाल्यांनी मला पूर्ण वेळ घेतलंय. क्लास सोडला. सर म्हणाले, परीक्षेला बसा, सहज पास व्हाल. मी म्हटलं, कशाला?

तुमचं दुसरं पत्र पोचलं. मे महिन्यात यायचं म्हणताय, ‘आईला चालेल का’ असं विचारलंय. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तिचं घर हाय, मला काय विचारतस?’ हे हो आहे. याच्यापेक्षा जास्त त्या आता कोणालाच बोलत नाहीत.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. चौकशीत नाही, सरांना नाही, तुम्हाला लिहिलं तेव्हाही नाही. त्या वाक्यानंतर आणखी एक आवाज आहे. खरखरीच्या आत, लांबून, घुमल्यासारखा. त्याने टाकीत तोंड घालून जोएलला दिलेली हाक आहे ती. ‘आलो रे, आलो.’

ते मला कळलं त्या दुपारी मी मोबाइल हातात धरून ते परत परत लावत होते. ज्ञानू आत झोपली होती. इअरफोनची पिन निसटली ते मला कळलं नाही आणि आवाज मोबाइलमधून मोठ्याने बाहेर आला. मी बंद करेपर्यंत ती उठून बाहेर आली होती. माझ्याकडे बघितलंनसुद्धा नाही. धावत गेली, चवड्यांवर उभी राहून दाराची कडी काढलीन आणि पायरीवर जाऊन उभी राहिली. मी मागून गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं.

म्हणाली, ‘आई, बाबा आलो म्हणाले ना? कुठेत?’

मी म्हटलं, ‘मोबाइलमध्ये होते.’

तिने ते ऐकलं. पटलं नाही तिला. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तेव्हापासून मी तिला बालवाडीतून घरी आणून सोडते आणि दुकानात जाते, की ती पायरीवर जाऊन बसते. काळोख पडला की सासूबाई तिला आत ओढतात. तुम्ही याल तेव्हा आधी तीच दिसेल. तुम्ही कोण हे तिला आठवणार नाही. आत्या म्हणून सांगा आणि तिच्याबरोबर थोडा वेळ तिथेच बसा. लगेच आत नेऊ नका.

सानिका